लक्ष्मीपूजनाच्या ताटातला इतिहास



दिवाळीची सुट्टी लागली की न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत अंगणाअंगणात किल्ले उभे राहतात. पोत्यावर चिखल थापला जातो, वर अळीव पेरले जातात, बालेकिल्ल्यावर महाराज विराजमान होतात. कुणी रायगड करतो, कुणी प्रतापगड, कुणी सिंहगड. शिरूर ओलांडून पुढे गेले की येणारा नगरचा भुईकोट मात्र कुणी करत नाही. त्याला ना डोंगर, ना कडा. सपाट जमिनीवर मैलभर घेराचा दगडी तट आणि भोवती खंदक. शिवाय त्याच्या कहाणीत पराभव आहे आणि कैद आहे. यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही मंडळी मुद्दाम हाच किल्ला पाहून आलो, आणि या अंकाचा विषय तिथेच पक्का झाला.

निजामशाहीने बांधलेला हा किल्ला चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांशी झुंजवला. पुढे तो पेशव्यांकडे आणि त्यांच्याकडून शिंद्यांकडे आला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो घेतला आणि १८१७ च्या तहानंतर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती कायमचा राहिला. त्याच काळात आपली घोडनदी, म्हणजेच शिरूर, कंपनीच्या फौजेची छावणी झाली होती. नगरचा तट आणि शिरूरची छावणी ही एकाच सत्तेची दोन ठाणी होती.

किल्ल्यातली सर्वांत मोलाची जागा म्हणजे १९४२ च्या कैद्यांची बरॅक. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीचे नेते पकडले गेले. आगगाडीने नेताना गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि गाडी बाकीच्यांना घेऊन नगरकडे निघाली. पुण्याहून नगरला जाणारा लोहमार्ग दौंडवरूनच जातो. म्हणजे नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव या सगळ्यांना घेऊन ती गाडी आपल्या शिवारातून गेली. भारताच्या भूतकाळाचा विस्तीर्ण पट मांडणारा नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ मध्ये याच तटाआड लिहिला गेला. आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली उर्दू पत्रेही इथलीच. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला झुलेखा बेगम वारल्या, तेव्हा त्यांचे पती मौलाना आझाद इथेच कैदेत होते. नेहरूंची खोली आज जपून ठेवली आहे. तिथे उभे राहिल्यावर एक गोष्ट लख्ख कळते: भिंत बांधणाऱ्याने किंवा जिंकणाऱ्याने तिचा अर्थ कायमचा ठरवलेला नसतो. आत राहिलेली माणसे तो बदलतात.

आपल्या भागात याचा आणखी मोठा पुरावा आहे. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ कंपनीने स्वतःच्या पराक्रमासाठी उभारला. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघून कोरेगावी पेशव्यांच्या फौजेशी लढलेल्या कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीतल्या, लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली. त्यात ‘नाक’ प्रत्ययाची महार शिपायांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले आणि कंपनीचा तो स्तंभ माणूसपण नाकारल्या गेलेल्या समाजाच्या स्वाभिमानाची जागा झाला. दगड तोच राहिला, पण तो वाचणारे बदलले.

म्हणून आमचे म्हणणे असे की इंग्रजी अमदानीच्या वस्तू आपण आपल्या नजरेने वाचायला हव्यात, आणि त्यासाठी किल्ल्यापर्यंतही जायला नको. लक्ष्मीपूजनाला आपल्या घराघरात चांदीचा राणीछाप रुपया ताटात ठेवला जातो. पिढ्यानपिढ्या आपण त्याला हळदकुंकू वाहिले. १८३५ मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एका तोळ्याचा एकच रुपया ठरवला. १८४० पासून त्यावर व्हिक्टोरियाचे मुख आले, १८६२ पासून कंपनीचे नाव गेले, आणि १८७७ पासून राणीच्या जागी सम्राज्ञी ही पदवी आली. सत्ता कशी पालटत गेली, हे सारे एका नाण्यावर लिहिलेले आहे.

त्याच रुपयात सरकार शेतसारा मागत होते. पाऊस पडो न पडो, कापसाचा भाव चढो की कोसळो, सारा रोखीनेच भरावा लागे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापूस १८६५ नंतर पडला. साऱ्याची नवी आकारणी वाढली, सावकाराचे व्याज चढत गेले आणि जमिनी गहाण पडल्या. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. उठाव शिरूर आणि भीमथडी तालुक्यांतल्या गावांत पसरला. लोकांनी सावकारांकडे कर्जाचे दस्त मागितले आणि हाती आलेले जाळून टाकले. त्या धगीतून १८७९ चा दक्षिणेतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. जळलेले दस्त कुठल्याही संग्रहालयाच्या कपाटात ठेवता येणार नाहीत. त्यांची आठवण आपणच सांगायची आहे.

आज ही आठवण दुसऱ्या वाटेने जाते आहे. धनत्रयोदशीला नवे भांडे घेताना जुने तांब्या-पितळेचे मोडीत जाते. राणीछाप रुपये वितळवून पैंजण होतात. पणजोबांचे युद्धातले पदक आणि गहाणखताची सुरळी घर बांधताना रद्दीत जाते. गरज असेल तर वस्तू विकावी लागते, आणि त्याबद्दल कुणाला बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. पण वस्तूबरोबर तिची हकिगतही जाते, ही हानी पैशाने भरून निघत नाही. कागद मोडी लिपीत असेल तर तो निरुपयोगी समजू नका. १९१० पासून पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच कागदांच्या कामात आहे.

या अंकातले लेख आम्ही याच विचाराने मागवले आहेत. लेखकांनी आपल्या घरातल्या, वाड्यातल्या, देवळातल्या एकेका वस्तूबद्दल लिहिले आहे: ती कुणी घडवली, कुणी वापरली आणि तिच्यासाठी कुणी काय सोसले. गावच्या शाळेत एका कपाटापुरते संग्रहालय उभे राहिले, तर या अंकाचे चीज झाले असे आम्ही समजू.

वाचकांना एक विनंती आहे. या दिवाळीत घरातल्या थोरल्या माणसांजवळ बसा. एक वस्तू निवडा. ती कुणाची होती, कुठून आली, कशासाठी वापरली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख आणि गावाचे नाव टाका आणि आम्हाला पाठवा. पुढच्या दिवाळीचा अंक आम्ही त्या टिपणांसाठी राखून ठेवत आहोत.

 

— संपादक