जकातीची साडी आणि विदर्भाचा कापूस

रमजानचा शेवटचा अशरा जवळ आला की कापडबाजारात ‘जकातीच्या साड्या’ ही पाटी हमखास झळकते. मुंबईत, मालेगावात, अकोल्यात, सगळीकडे. साडी बहुतेक वेळा पॉलिस्टरची असते, वरून चमकदार आणि हाताला पातळ. देणारा ती शेकड्याने घेतो, गठ्ठा घरी येतो आणि सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत वाटून संपतो. घेणारीला रंग विचारण्याचीही पद्धत नाही. उन्हाळ्यात ही साडी नेसून शेतात काम करून पाहावे, म्हणजे दानाची प्रत कळते. विकणारा दुकानदार ती स्वतःच्या घरी नेत नाही आणि देणाऱ्याच्या घरीही ती कोणी नेसत नाही. स्वतःला दिली तर डोळे मिटूनच घ्यावी लागेल अशी वस्तू निवडून दानात देऊ नये, ही ताकीद सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. तिच्यावर दरवर्षी तकरीरही होते.

मुस्लिम समाजाला कापूस परका नाही. पिंजारी गाद्यांसाठी रुई पिंजत आले, मोमीन-अन्सारी विणत आले, रंगरेज रंगवत आले. सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावातल्या ‘हल्लाज’चा अर्थच कापूस पिंजणारा, महाराष्ट्रातले पिंजारी स्वतःला मन्सुरी म्हणवतात ते त्याच नात्याने. पैगंबरसाहेबांना (स.) तीन पांढऱ्या सुती कापडांचे कफन दिले गेले, अशी नोंद सहीह बुखारीत आहे. आज मात्र भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर पॉलिस्टर आणि मिश्र धागा मोठ्या प्रमाणात चढतो. त्यात विणकराचा दोष नाही. बाजार स्वस्त मागतो, तो स्वस्त विणतो.

तरीही ‘पॉलिस्टर वाईट, सूत चांगले’ एवढ्यावर हा विषय संपत नाही. सूत आले कुठून, हेही पाहावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात 2017च्या फवारणीच्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, अंगावर ना मास्क ना हातमोजे आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र केलेली. त्यात अनेक जण रोजंदारीवर फवारणी करणारे होते. दुसऱ्याच्या शेतावर, दुसऱ्याच्या पिकासाठी.

बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली 2002 मध्ये. बोंडअळीसाठीची फवारणी सुरुवातीला खरोखर कमी झाली, हे मान्य केलेच पाहिजे. शेतकऱ्याने ते बियाणे उगाच नाही स्वीकारले. पण रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा इलाज नव्हता, आणि पुढे गुलाबी बोंडअळीही त्या बियाण्याला दाद देईनाशी झाली. 2017 मध्येच तिने राज्यातली बोंडे पोखरली. पंप पुन्हा पाठीवर आला.

सेंद्रिय कापसात रासायनिक कीटकनाशक, रासायनिक खत आणि जनुकीय बदल केलेले बियाणे, तिन्ही वर्ज्य. ऐकायला सोपे वाटते. सेंद्रिय म्हणून मान्यता मिळेपर्यंत जमिनीला साधारण तीन वर्षे लागतात. त्या काळात उत्पादन घटते आणि भाव मात्र नेहमीच्याच कापसाचा मिळतो. बिगर-बीटी चांगले बियाणे शोधावे लागते. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने येते ती वेगळीच. त्यात 2020 मध्ये भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या व्यवहारांत बनावट प्रमाणपत्रे सापडल्याने चिठ्ठीवरचा भरवसाही डळमळला. जाहिरातीत पाण्याच्या बचतीचे मोठे आकडे असतात, पण विदर्भाचा बहुतांश कापूस मुळातच पावसावर येतो. इथे सेंद्रियचा खरा मुद्दा पाण्याचा नाही, फवारणाऱ्याच्या फुप्फुसाचा आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा आहे.

म्हणून ईदच्या कुर्त्यावर ‘ऑरगॅनिक’ची चिठ्ठी आहे की नाही, यावर कोणाची दीनदारी तोलू नये. मॉलमधला महागडा सेंद्रिय कुर्ता घेऊन सोबत आणखी चार जोड घेणारा ‘इस्राफ’मधून सुटत नाही. ईदला नवेच कपडे हवेत असेही नाही. असतील त्यांतले चांगले, स्वच्छ घालावेत एवढीच रीत आहे. मागच्या ईदचा सुती कुर्ता इस्त्री करून घालणारा नमाजाच्या सफेत कुठेही कमी पडत नाही. मुलांचे वेगळे. त्यांना नवे हवेच आणि ते मिळावे.

प्रश्न एकट्या ग्राहकापेक्षा घाऊक घेणाऱ्यांचा जास्त आहे. मशिदींचे ट्रस्ट, बैतुलमाल, जकात कमिट्या आणि मोठे व्यापारी रमजानमध्ये जेवढे कापड एकगठ्ठा उचलतात, तेवढे एखादे कुटुंब आयुष्यभर घेत नाही. ही मागणी सुती कापडाकडे वळली तर मालेगावचा यंत्रमागवाला सूत चढवेल. त्यातला थोडा हिस्सा विदर्भातल्या सेंद्रिय शेतकरी गटांच्या कापसासाठी राखला, तर रूपांतराच्या त्या तीन वर्षांत शेतकऱ्याला आधार होईल. शंभर हलक्या साड्यांऐवजी साठ चांगल्या सुती येतील, हा हिशेब खरा आहे. मग उरलेल्या चाळीस जणींचे काय? त्यांना जकात रोख द्यावी. काय घ्यायचे ते त्या ठरवतील. साडीपेक्षा किराणा किंवा औषध त्यांना अधिक गरजेचे असू शकते.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली जात नाही. विदर्भात कापूस वेचणाऱ्या बहुतेक बायाच आहेत. मजुरी किलोवर, पाठ दिवसभर वाकलेली, बोटे बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली. रमजानमध्ये जकातीच्या रांगेत उभ्या असणाऱ्यांत त्यांच्यातल्याही काही असतात. पांढरे सोने वेचणारीच्या हातात ईदला पॉलिस्टर पडते.

कमिट्यांनी हे ठरवायचे तर रमजानमध्ये ठरवून उपयोग नाही. सूत, विणाई, रंगाई यांना महिने लागतात. कापूस बाजारात येतो दिवाळीच्या आगेमागे. येत्या वर्षीच्या साड्यांची बोलणी तेव्हाच, जिनिंगमध्ये गाठी बांधल्या जात असताना, व्हायला हवीत.