बस जिथे थांबत नाही

सहलीचा तिसरा आणि शेवटचा दिवस. गॉलवेच्या हॉस्टेलसमोर सकाळी आठला बस लागली तेव्हा निम्म्याहून जास्त मंडळी झोपेतच होती. पाठीवर भल्यामोठ्या सॅक, ओले केस, हातात कागदी पेल्यातली कॉफी. सगळी विशी-बाविशीची मुलंमुली. सलवार-कमीजवर रेनकोट चढवलेली, छत्तीस वर्षांची, चिवड्याची शेवटची पुडी जपून ठेवलेली मी एकटीच.

निवारागृहांतल्या कामाविषयीच्या एका प्रशिक्षणासाठी मी गेल्या वर्षी डब्लिनला गेले होते. ते संपल्यावर हाताशी तीन दिवस आणि थोडे पैसे उरले. त्यात बसणारी हीच सहल होती. आयर्लंडचा पश्चिम किनारा, पडके किल्ले, जुने मठ, आणि शेवटच्या दिवशी देशाच्या मधोमध असलेलं क्लॉनमॅकनॉइज पाहून पुन्हा डब्लिन. बस चालवणारा आणि माहिती सांगणारा माणूस एकच. मोठा गप्पिष्ट, मनाने चांगला. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला पाठ करायला मिळालेल्या गोष्टींविषयी.

गॉलवे सोडल्यावर त्याने माइक हातात घेतला. ‘आयर्लंडवर इंग्रजांनी आठशे वर्षं राज्य केलं, ते कशामुळे ठाऊक आहे? एका बाईने नवरा सोडला म्हणून!’ बस हसली. आता सगळे जागे झाले होते.

ती बाई म्हणजे डर्व्होरगिला. ब्रेफनीच्या राजाची राणी. ११५२ साली लेन्स्टरचा राजा डरमट मॅकमरो याने तिला तिच्या गुराढोरांसकट आणि चीजवस्तूंसकट उचलून नेलं. पुढल्या वर्षी ती परत आली. डरमटला देशोधडीला लावलं गेलं ते ११६६ साली, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनी. मग तो इंग्लंडच्या राजाकडे मदत मागायला गेला आणि ११६९ मध्ये परकी फौज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागली. मधल्या चौदा वर्षांत राजांची आपसातली वैरं होती, गाद्यांची भांडणं होती, डरमटची स्वतःची हाव होती. ती सगळी गाळून इतिहासाने बोट ठेवलं ते बाईवर. ती राजीखुशीने गेली की जबरदस्तीने नेली, यावर अजून वाद चालतो. नेणाऱ्याविषयी मात्र तसा वाद होत नाही. उचलून नेलं तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती, हेही कुणी सांगत नाही, कारण मग गोष्टीतली गंमत जाते!

मैत्रिणींनो, हे ऐकताना मला परक्या देशात असल्यासारखं वाटेना. सीतेमुळे रामायण आणि द्रौपदीमुळे महाभारत हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गावच्या भावकीत वाटण्या झाल्या तरी ‘धाकटीने घर फोडलं’ असंच म्हणतात.

क्लॉनमॅकनॉइज शॅनन नदीच्या काठी आहे. सहाव्या शतकात संत किरन याने वसवलेला मठ. दगडी क्रूस, गोल मनोरा, बिनछपराची देवळं, थडग्यांच्या रांगा. जागा खरोखर सुंदर आहे. आम्हाला सव्वा तास मिळाला. मी आधी थोडं वाचून गेले होते, म्हणून विचारलं, ‘जोगिणींचं चर्च कुठे आहे?’ तो म्हणाला, ‘ते आपल्या फेरीत नाही. पायवाटेने दहा मिनिटं जावं लागेल.’ मी निघाले. माझ्या मागच्या बाकावरची एक मुलगी ‘मीही येते’ म्हणत आली.

मुख्य आवाराच्या बाहेर, कुरणाच्या कडेला एक छोटीशी वास्तू आहे. छप्पर नाही, पण दगडात कोरलेल्या दोन कमानी अजून उभ्या आहेत. ११६७ साली हे चर्च बांधून पूर्ण केलं ते डर्व्होरगिलाने. त्याआधी दहा वर्षं मेलिफंटच्या मठाला तिने साठ औंस सोनं दिलं होतं. तिथेच ती ११९३ मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी वारली. जिच्या नावावर बसभर हसू झालं, तिने बांधलेलं काम बसच्या थांब्यापासून दहा मिनिटांवर होतं. आम्ही दोघी सोडून तिथे कुणीही नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी मनाशी दुसरी यादी करत बसले. काय काय दाखवलं नाही त्याची.

गॉलवेपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर ट्यूम हे गाव आहे. तिथे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित मातांसाठी एक गृह चालत होतं. कॅथरीन कॉरलेस या स्थानिक बाईंनी मृत्यूच्या नोंदी एकेक करून मिळवल्या. ७९६ मुलं दगावली होती, आणि दफनाच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. २०१७ मध्ये त्या आवारात जमिनीखालच्या बांधकामात मानवी अवशेष सापडले. २०२५च्या जुलैमध्ये तिथे खोदकाम सुरू झालं.

आणि ज्या गॉलवेत आदल्या रात्री आम्ही गाणी ऐकली, तिथेच २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गेली. एकतीस वर्षांची, दातांची डॉक्टर. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला. जंतुसंसर्ग होऊन ती मेली. तिच्या मृत्यूने तिथल्या बाया रस्त्यावर आल्या. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी गर्भपातबंदीचं कलम रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. हा इतिहास नाही का? की इतिहासाला शेवाळ चढल्याशिवाय तो दाखवायचा नसतो?

डब्लिनला उतरल्यावर मी सामान टाकलं आणि शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवर चालत गेले. तिथे शेवटची मॅग्डालेन लॉन्ड्री होती. ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायकांना अशा लॉन्ड्रीत कोंडून बिनपगारी कपडे धुवायला लावत, पुष्कळदा त्यांची नावंसुद्धा बदलत. ही लॉन्ड्री बंद झाली १९९६ मध्ये. सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये. २०१८ साली ही जागा एका हॉटेल कंपनीला विकायचं घाटत होतं, पण नगरसेवकांनी ठराव करून विक्री थांबवली. २०२२ मध्ये सरकारने तिथे स्मृतिकेंद्र करायचं ठरवलं. बायांनी हाकाटी केली नसती, तर माझ्यासारखीच कुणी पाठीवर सॅक घेतलेली मुलगी तिथे रात्रभर निवांत झोपली असती.

त्या बंद दारासमोर उभं राहून दुसऱ्यांना नावं ठेवणं सोपं होतं. पण मला आठवली माझ्याच हातची एक नोंद. एम. एस. डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षी माझं फील्डवर्क एका महिलागृहात होतं. एकोणीस वर्षांची एक मुलगी दिवस गेलेल्या अवस्थेत दाखल झाली. ‘दाखल होण्याचे कारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘कुमारी माता. वर्तन चंचल.’ तिने मला दोनदा त्या माणसाचं नाव सांगितलं होतं. पण त्याच्यासाठी रकाना नव्हता, आणि रकाना नाही म्हणून मीही ते लिहिलं नाही. उद्या कुणी ते रजिस्टर उघडलं, तर त्यात कारण म्हणून फक्त ती मुलगी सापडेल. डर्व्होरगिलासारखी.

‘तेव्हाचा काळच तसा होता’ असं कुणी म्हणेल. पण पुण्यात १८६३ साली ज्योतिबा आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. आलेल्या विधवेला गुन्हेगार न मानता तिचं बाळंतपण केलं. तोही तोच काळ होता की!

काही मैत्रिणी म्हणतात, सहल ही मजेसाठी असते, तिथेही दुःखच कशाला? मला मजा हवीच आहे. बाईला घर सोडून चार दिवस हिंडायला मिळणं हीच केवढी गोष्ट आहे! पण बाईवर हसून होणारी मजा आपण आणखी किती दिवस ऐकून घ्यायची?

म्हणून दोन गोष्टी सुचवते. आपले गट दरवर्षी सहली काढतात, किल्ले बघतात, लेणी बघतात. त्या वाटेवर एक थांबा बाईच्या कामाचा ठेवू या. एखादी विहीर, शाळा, संपाची जागा. माहिती गावातल्या म्हाताऱ्यांकडून आपणच गोळा करू आणि सांगणारीही आपल्यातलीच असेल.

दुसरी गोष्ट आपल्यापैकी ज्या संस्थांमध्ये, पोलीस ठाण्यांतल्या समुपदेशन केंद्रांमध्ये, दवाखान्यांमध्ये नोंदी करतात त्यांच्यासाठी. रकाना नसेल तर समासात लिहा, पण तिने सांगितलेलं लिहा. ट्यूमची मुलं सापडली ती कुणीतरी नोंद केली होती म्हणून. मी न लिहिलेलं ते नाव आता कुणालाही सापडणार नाही.