योग साधला, क्षेमाचें काय?

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग व जें मिळालें तें राखणें हा क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकारांनीं केला आहे. हल्लीं घरोघरीं लॅपटॉप आला आहे. त्यांत पत्रें, छायाचित्रें, हिशेब, मुलांचीं प्रमाणपत्रें सांठविण्याचा योग सर्वांसच उत्तम साधतो. क्षेमाची गोष्ट मात्र निराळी!

आमच्याच घरची हकीकत सांगतों. गेल्या दिवाळीस आमचा पुतण्या आगगाडीनें घरीं येत असतां रात्रीं त्याची लॅपटॉपची पिशवी चोरीस गेली. यंत्र काय, पैसे मोजले कीं नवें मिळतें. परंतु आमच्या कैलासवासी मातोश्री जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्या पुतण्यानें त्यांच्या अखेरच्या वर्षीं ध्वनिमुद्रित केल्या होत्या व त्या त्याच यंत्रांत होत्या. ‘दुसरी प्रत नाहीं काय?’ असें मीं विचारलें. प्रत त्यानें काढली होती. पण ज्या हार्ड डिस्कवर काढली, ती डिस्कहि त्याच पिशवींत होती! वहिनी कांहीं न बोलतां देवघरांत जाऊन बसल्या.

एके ठिकाणीं ठेविलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हा यांतील पहिला धडा. आपल्या पूर्वजांस तो ठाऊक होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९६६ सालीं महाभारताची चिकित्सित आवृत्ति पूर्ण केली, ती काश्मीरापासून केरळापर्यंतच्या पोथ्या ताडून पाहून. एका प्रांतांतील पोथी वाळवीनें खाल्ली, तरी दुसऱ्या प्रांतांतील वांचली होती. उलट, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांतील नदीकांठच्या घरांत नीट लावून ठेविलेलीं कागदपत्रेंहि पाण्यानें नेलीं.

या विषयांतील जाणते लोक ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या व त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. एक लॅपटॉपमध्यें, एक हार्ड डिस्कवर व एक परगांवच्या आप्ताकडे अथवा क्लाउडवर, अशी व्यवस्था कोणासहि करितां येईल. मात्र लॅपटॉपवर पुसलेली फाईल क्लाउडवरहि आपोआप पुसली जाणें शक्य असतें, हें विसरूं नये. हार्ड डिस्क काम होतांच सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामनें सुमारें दीडशें देशांतील संगणकांच्या फायली कुलुपबंद करून खंडणी मागितली होती. अशा हल्ल्यांत जोडलेली डिस्कहि सांपडते. शिवाय वर्षांतून दोनदां तरी प्रत उघडून पाहावी. न तपासलेल्या प्रतीचा भरंवसा धरूं नये.

प्रतीनें हानि टळते, चोरी टळत नाहीं. आधार, पॅन व बँकेचीं कागदपत्रें चोराच्या हातीं पडलीं तर काय, ही दुसरी चिंता उरतेच. लॅपटॉप उघडण्याचा पासवर्ड आहे, तेव्हां भय नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. हा भ्रम आहे. आंतील डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, तर ती सहज वाचतां येते. याकरितां सबंध डिस्कच सांकेतिक रूपांत ठेवावी लागते. ती सोय विंडोजमध्यें बिटलॉकर व मॅकमध्यें फाइलव्हॉल्ट या नांवानें आहे. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून दागिन्यांच्या डब्यांत ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवींत कदापि नाहीं. ती हरवली, तर प्रसंगीं मालकासहि दार उघडत नाहीं. आणि यंत्र चोरीस गेलेंच, तर पोलिसांत वर्दी देऊन त्याच दिवशीं दुसऱ्या यंत्रावरून ईमेलचा व बँकेचा पासवर्ड बदलावा.

आमच्या मातोश्रींची एक ओवी पुढें सांपडली. सासरीं असलेल्या पुतणीनें ती आपल्या मोबाईलवर जपून ठेविली होती. अर्ध्या मिनिटाचीहि नाहीं. पण आतां ती आमच्या पांच घरीं आहे. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

वाचकांस विनंति इतकीच कीं, आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील मुलांस एक प्रश्न विचारावा: ‘आपली दुसरी प्रत कोठें आहे?’ उत्तर ‘याच पिशवींत’ असें आलें, तर उद्यांवर ढकलूं नये.