बॅट मुलाच्या हाताला शोभावी, पालकांच्या हौसेला नव्हे

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधू-भगिनींनो आणि मान्यवर विश्वस्त,

गेल्या महिन्यात आपल्या शाळेच्या एका हितचिंतकांनी टेबल टेनिसच्या खेळाडूंसाठी देणगी देऊ केली. चार मुलांना चार उत्तम, परदेशी बनावटीच्या कार्बन बॅट घेऊन द्याव्यात, अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि एक विनंती केली, की त्याच पैशात चार नव्हे, वीस मुलांच्या हातात साध्या लाकडाच्या चांगल्या बॅट द्याव्यात. या विनंतीमुळे काही पालक माझ्यावर नाराज आहेत. म्हणून माझे म्हणणे सविस्तर मांडतो.

आपण ज्याला बॅट म्हणतो तिचे खरे दोन भाग असतात. आतली लाकडी पाटी, म्हणजे ब्लेड, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले रबर. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. उरलेल्या जागेत कार्बनसारख्या धाग्यांचे अगदी पातळ थर घालता येतात. या थरांमुळे ब्लेड कडक होते आणि चेंडू वेगाने सुटतो. साधे पाच पदरी लाकडी ब्लेड त्या मानाने मऊ असते. चेंडू त्यावर क्षणभर जास्त टिकतो आणि फटका कसा बसला ते मुठीपर्यंत जाणवते.

हा क्षणभरच शिकणाऱ्या मुलाचा गुरू असतो. चेंडू मध्यभागी लागला की कडेला, घासला की नुसता आदळला, हे मुलाला हातातूनच कळते. कडक ब्लेडवर नवशिक्याचा चेंडू टेबलाबाहेर जाऊ लागतो. मग मूल काय करते? पूर्ण हात फिरवायचे सोडून देते, बॅट नुसती पुढे धरते आणि चेंडू ढकलते. ब्लेडच्या वेगामुळे चेंडू परत जातो, एखादा गुणही मिळतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. पण फटका शिकायचा राहून गेलेला असतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच शाळेतली सातवीतली एक मुलगी छान खेळत असे. तिच्या वडिलांनी मला विचारले, "सर, महाग बॅट घेऊ का?" मी खेळातला जाणकार नव्हतो. "घ्या, मुलीचा उत्साह वाढेल," असे सांगून मोकळा झालो. वर्षभरात तिचा टॉपस्पिन आखडला. हरल्यावर ती रडायची आणि म्हणायची, "आता तर बॅटसुद्धा चांगली आहे, म्हणजे मीच वाईट आहे." शेवटी प्रशिक्षकांनी तिला पुन्हा साधे ब्लेड दिले. हात सुटायला सहा महिने लागले. तिचे ते वाक्य मी विसरलेलो नाही.

"नाचता येईना अंगण वाकडे" असे आपण सहज म्हणतो. पण कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असते. दुकानात मिळणाऱ्या अगदी स्वस्त तयार बॅटचे रबर इतके गुळगुळीत आणि कडक असते, की त्यावर चेंडूला फिरकी देताच येत नाही. तेव्हा स्वस्तात स्वस्त घ्या, असे माझे म्हणणे नाही. पायरीला साजेशी घ्या, एवढेच म्हणणे आहे.

ब्लेडवर साधारणपणे डिफेन्सिव्ह, ऑलराउंड किंवा ऑफेन्सिव्ह अशी वर्गवारी दिलेली असते. शिकणाऱ्याने ऑलराउंड घ्यावे. वजनही पाहावे. ब्लेड 85 ग्रॅमचे असले तरी दोन्ही रबरे लावल्यावर बॅट 170 ग्रॅमच्या पुढे जाते. दहा वर्षांच्या मनगटाला तो भार होतो, म्हणून लहान मुलांसाठी हलके ब्लेड बघावे. मूठ मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच विचारा, दुकानदाराला नव्हे. स्पंज फार जाड नको, दीड ते पावणेदोन मिलिमीटर पुरेसा आहे.

पुढची पायरी कधी? फोरहँड आणि बॅकहँडचे वीस-पंचवीस फटके न चुकता टेबलावर पडू लागले, खालच्या फिरकीचा चेंडू पूर्ण हात फिरवून उचलता येऊ लागला, आणि प्रशिक्षकांनी सुचवले, की आधी रबर बदलावे. ब्लेड त्यानंतर. रबर झिजते, पण नीट जपलेले ब्लेड कित्येक वर्षे साथ देते. मे महिन्याच्या उन्हात ते गाडीत ठेवू नका, एवढी काळजी मात्र घ्या.

साधनाने खेळ बदलतो, हे मी नाकारत नाही. 1952 मध्ये मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आले. चेंडूचा नेहमीचा आवाजच येईना, प्रतिस्पर्धी गोंधळले आणि सातो विश्वविजेते झाले. पण एकेरीचे ते विजेतेपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. त्यांच्याच देशाचे इचिरो ओगिमुरा मात्र 1954 आणि 1956 असे दोनदा विजेते झाले. तोवर स्पंजचे नवल राहिले नव्हते. नवलाचा फायदा एकदाच मिळतो, सराव मात्र पुन्हा पुन्हा कामी येतो.

आपल्या इंदूरला या खेळाची मोठी परंपरा आहे. अभय प्रशालसारखे सभागृह आपल्या शहरात आहे. तिथे सायंकाळी जाऊन मुलांचा सराव बघा. तासन्‌तास एकच फटका चाललेला दिसेल.

विश्वस्तांना माझी विनंती आहे, की देणगी वीस ऑलराउंड बॅट, भरपूर चेंडू आणि प्रशिक्षकांचे मानधन यांसाठी वापरावी. पालकांना सांगणे एवढेच, की पाल्य मोठे होईल म्हणून आपण दोन अंक मोठा बूट घेतो, तशी बॅट घेऊ नका. आणि मुलांनो, शेजारच्याच्या बॅटकडे बघू नका, त्याच्या पायांकडे बघा. तो चेंडूपर्यंत कसा पोहोचतो, ते शिका.

आपला,
प्राचार्य