फुकटच्या वॉरंटचे पैसे कोण भरतो?

ईदच्या सुट्टीत कोरीटला बहिणीकडे गेलो होतो. भाचाही दुबईहून आलेला. जेवणं झाली, अंगणात खाटा पडल्या आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामू, हे बघा. अमेरिकेतली स्पॅक. दहा डॉलरचा शेअर घेतला की वॉरंट फुकट. पुढचा सौदा आवडला नाही तर दहा डॉलर परत, वॉरंट आपल्याकडेच. यात तोटा कुठे आहे?" शेजारी बसलेल्या त्याच्या चुलत्यांनी मोबाइलकडे न बघताच निकाल दिला : "जुगार आहे. हराम आहे. बंद कर."

मला दोघांचंही पटलं नाही. एकाला सगळं फुकट दिसत होतं, दुसऱ्यांना बघायचीच गरज वाटत नव्हती. हिशेब दोघांनीही केलेला नव्हता. तो इथे मांडतो.

स्पॅक म्हणजे धंदा नसलेली कंपनी. लोकांनी तिला कोरा चेक द्यायचा, तिने चालू धंदा शोधून त्याच्याशी विलीन व्हायचं. ती शेअर सुटा विकत नाही, 'युनिट' विकते : साधारण दहा डॉलरला एक शेअर आणि वॉरंटचा एक तुकडा, कधी अर्धा, कधी तिसरा हिस्सा. जमलेली रक्कम ट्रस्ट खात्यात अमानत म्हणून राहते. साधारण दोन वर्षांत धंदा सापडला नाही तर ती गुंतवणूकदारांना परत मिळते आणि वॉरंट रद्दी होतं.

वॉरंट म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. हा भाव बहुधा साडेअकरा डॉलर असतो. विलीनीकरणानंतर साधारण महिन्याभराने हा हक्क वापरता येतो आणि पाच वर्षांनी संपतो. अर्धं वॉरंट वापरता येत नाही, दोन अर्धी जोडून एक करावं लागतं. शेअर अठरा डॉलरवर काही काळ टिकला, तर कंपनी नाममात्र पैशांत वॉरंट परत बोलावू शकते. तेव्हा मुदतीत हक्क वापरा, नाहीतर गमवा.

हे फक्त अमेरिकेचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्या छपरांवर जिची छत्री लागली, ती धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन डीटूएच याच वाटेने नॅस्डॅकवर गेली. हॉलिवूडमध्ये मुरलेल्या जेफ सगान्स्की आणि हॅरी स्लोन यांच्या 'सिल्व्हर ईगल' या स्पॅकने जुलै 2013 मध्ये 32 कोटी 50 लाख डॉलर उभे केले. दहा डॉलरच्या युनिटमध्ये एक शेअर आणि एक वॉरंट, अशी दोन वॉरंटं मिळून साडेअकरा डॉलरला एक शेअर. 31 मार्च 2015 ला सौदा पुरा झाला. पुढे 2016 मध्ये यात्रा ऑनलाइन आणि 2021 मध्ये रिन्यू पॉवर याच दाराने आत गेल्या.

आता खरा मुद्दा. समजा, कंपनीचे 100 शेअर आहेत आणि भाव 17 डॉलर, म्हणजे किंमत 1700 डॉलर. बाहेर 50 वॉरंटं आहेत. वॉरंटवाले येतात, साडेअकराच्या हिशेबाने 575 डॉलर भरतात आणि 50 नवे शेअर घेऊन जातात. कंपनीत आता 2275 डॉलर, शेअर 150. भाग लावा : शेअरमागे 15 डॉलर 17 सेंट. जुन्या शेअरवाल्याचे जवळपास दोन डॉलर गेले. वॉरंटवाल्याचा फायदा आकाशातून पडला नाही, तो याच्याच खिशातून निघाला.

त्यावर कडी म्हणजे परत जाण्याचा हक्क. सौदा जाहीर झाला की पहिला गुंतवणूकदार शेअर देऊन दहा डॉलर व्याजासह उचलतो आणि वॉरंट ठेवून घेतो. शंभरातले सत्तर शेअर असे परत गेले तरी वॉरंटं पन्नासच राहतात. ओझं तेवढंच, खांदे कमी. शिवाय प्रवर्तक जेमतेम 25 हजार डॉलर मोजून एकूण शेअरांचा साधारण पाचवा हिस्सा घेऊन बसलेला असतो. स्टॅनफर्डचे मायकेल क्लाउसनर आणि सहकाऱ्यांनी 47 स्पॅक तपासल्या. विलीनीकरणाच्या वेळी शेअरमागे शिल्लक रोकड दहा डॉलरपेक्षा बरीच कमी निघाली आणि भार पडला तो थांबलेल्या भागधारकांवर.

समर्थक म्हणतात, दोन वर्षं पैसे अडकवले त्याचा मोबदला म्हणजे वॉरंट. मोबदला जरूर द्या. पण तो देणाऱ्याला आपण देतोय हे कळायला नको?

चुलत्यांशी माझं भांडण वेगळं आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात इसार देऊन माल धरून ठेवणं कुणाला नवं नाही. फिक्हमध्येही इसाराच्या सौद्यावर, 'अरबून'वर, मतभेद आहेत : हंबली मान्य करतात, बाकीचे तीन मजहब नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1992 मध्ये ऑप्शनचे करार नाजायज ठरवले. म्हणजे चुलत्यांच्या बाजूला आधार आहे. पण 'हराम' एवढंच म्हणून उठणाऱ्याला घरातली पोरं ऐकत नाहीत. जो तोट्याचा धनी, तोच नफ्याचा हक्कदार, हे आपलं जुनं तत्त्व हिशेबासकट मांडलं तर ऐकतील. इथे नफा निघून गेलेल्याचा आणि तोटा थांबलेल्याचा. खोट इथे आहे.

ती दुरुस्तही करता येते. बिल अ‍ॅकमन यांच्या 2020 च्या पर्शिंग स्क्वेअर टॉन्टीनमध्ये वॉरंटांचा मोठा हिस्सा शेअर परत न करणाऱ्यांसाठीच राखलेला होता. सौदा जमला नाही, 2022 मध्ये पैसे परत गेले, पण राखता येतो हे सिद्ध झालं. अमेरिकेच्या एसईसीने जानेवारी 2024 मध्ये हिस्सा किती पातळ होईल हे सांगण्याचे नियम कडक केले. आपल्याकडे गिफ्ट सिटीत 2021 च्या नियमांनी स्पॅकला दार उघडलं आहे. तिथे माझी मागणी दोन वाक्यांची आहे. शेअर परत करणाऱ्याने वॉरंटही परत करावं. आणि दहा डॉलरमागे खरी रोकड किती उरेल, हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापावं.

भाच्याला एकच प्रश्न विचारला : "तू हा शेअर पहिल्या विक्रीत घेतलास का?" म्हणाला, "नाही मामू, सौदा जाहीर झाल्यावर घेणार आहे. बाजारातून. नुसता शेअर."

"म्हणजे वॉरंट तुला मिळणारच नाही. वॉरंट दुसऱ्याचं, बिल तुझं."

त्याने मोबाइल खिशात ठेवला. चुलते तेवढ्यात म्हणाले, "मी काय सांगत होतो!" मी म्हटलं, "तुम्ही निकाल सांगत होतात. त्याला हिशेब हवा होता."