शोधण्याचे पैसे कोण देणार?

गॅरेजच्या बिलात साधारण दोन रकाने असतात. एक सुट्या भागांचा आणि दुसरा मजुरीचा. 'बिघाड नेमका कुठे आहे हे शोधून काढले' असा रकाना मी तरी कुठल्या बिलात पाहिलेला नाही. हल्ली स्कॅनिंगचे पैसे लावतात म्हणा, पण ते त्या यंत्राचे. माणसाने कान लावून, वाकून, बॅटरी मारून जे शोधले त्याचे नव्हे. माझ्या मते आपल्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली जी बदलाबदली चालते तिचे मूळ इथे आहे, आणि त्याला मेकॅनिकपेक्षा गिऱ्हाईक जास्त जबाबदार आहे.

हे सुचायचे कारण माझ्या पुतण्याची गाडी. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, यंत्राशी माझा संबंध सायकलची उतरलेली चेन चढवण्यापुरता! पण हे प्रकरण मी शेवटपर्यंत पाहिले आणि त्यातून बरेच शिकलो.

गाडी डिझेलची, टर्बो असलेली, एक लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली. तक्रार अशी की घाटात पिकअप नाही, धूर काळा येतो आणि सकाळी गाडी चालू केली की बोनेटखालून टिक टिक असा आवाज येतो. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने पाहिले आणि सांगितले, टर्बो गेला, बदलावा लागेल, ३८,००० रुपये.

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू आपल्या लेखी टाकाऊ. पण त्याच्यात जोर असतो. त्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून इंधन नीट जळते आणि ताकद वाढते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने याचे पेटंट १९०५ साली घेतले. म्हणजे आपल्याकडे वंगभंगाची चळवळ पेटली ते वर्ष! (इतिहासाच्या मास्तरला असे दुवे जोडल्याशिवाय राहवत नाही.)

आता शेतात पाटाने पाणी देणारा माणूस चटकन ओळखेल अशी गोष्ट. पाट मधेच फुटला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तेव्हा कोणी विहिरीवरची मोटर बदला म्हणत नाही, आधी पाटाच्या कडेने चालत जाऊन फूट कुठे आहे ते पाहतात. इंजिन आणि टर्बो यांच्या मधल्या मॅनिफोल्डला कुठे फट पडली की तसेच होते. वायू तिथून निसटतो, चक्राला जोर कमी पडतो, हवा कमी भरते, इंधन अर्धवट जळते आणि काळा धूर होतो. टर्बो बिचारा धडधाकट, पण आळ त्याच्यावर! उलट फट टर्बोच्या पुढे, सायलेन्सरकडे असेल तर आवाज वाढतो, पण पिकअप फारसा जात नाही. म्हणजे नुसत्या लक्षणांवरूनही अर्धा शोध लागतो.

पुतण्या गाडी घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेला. मीही सोबत होतो. ते म्हणाले, "आज नको. गाडी रात्रभर हितंच ठेवा. सकाळी गार असताना बघतो." कारण विचारले तर म्हणाले, "तापली की लोखंड फुगतंय आणि फट बुजतीया, मग आवाज घावत न्हाई." 

सकाळी त्यांनी गाडी स्वतः चालू केली, एक मिनिट ऐकली आणि बंद केली. वरचा पत्रा काढला. मॅनिफोल्डच्या एका टोकाला काजळीचा पंख्यासारखा डाग होता. मला वाटले झाले काम. पण त्यांचे समाधान नव्हते. मागच्या सायलेन्सरच्या नळीत ब्लोअरचे तोंड घालून भोवती फडकी कोंबली, हवा सोडली आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी मारले. डागाच्या जागी बुडबुडे आले, बाकी जोड कोरडेठाक. हवा भरणाऱ्या बाजूचे रबरी होजही तपासले, कारण ते फाटले तरी पिकअप जातो आणि काळा धूर येतो. टर्बोचा दांडा बोटाने हलवून, फिरवून पाहिला. तो ठीक होता.

टोकाचा एक स्टड तुटलेला निघाला. मॅनिफोल्ड रोज तापून लांबतो, निवून आखडतो, ती ओढाताण टोकाच्या स्टडना जास्त सोसावी लागते. तुटका तुकडा ड्रिल करून काढला, मॅनिफोल्डचा तळ सरळ आहे की वाकला ते पट्टी आणि फीलर गेजने मोजले, नवे गॅस्केट, नवे स्टड. सगळे मिळून ३,४०० रुपये.

आता माझा मुद्दा. या ३,४०० मध्ये शोधण्याचे किती? मिस्त्रींनी एकही रुपया लावला नव्हता. विचारले तर हसले. म्हणाले, बघायचे पैसे मागितले की गिऱ्हाईक उठून जाते. डॉक्टरने नुसती नाडी पाहिली तरी आपण मुकाट्याने फी देतो, वकिलाला सल्ल्याचे देतो, आणि दीड तास वाकून फट शोधणाऱ्याला म्हणतो, "बघायचे कसले पैसे?" मग ज्याचे पोट सुट्या भागांच्या नफ्यावर आहे तो शोधत कशाला बसेल? तो भाग बदलणार. पुतण्याने त्यांना ५०० रुपये वेगळे दिले. घेताना ते संकोचले, हे मला फार लागले.

यात फक्त पैशांचा प्रश्न असता तर मी इतके लिहिले नसते. त्या फटीतून येणारा वायू बोनेटखाली साठतो आणि बाहेरची हवा घेणाऱ्या झरोक्यातून गाडीत शिरू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, पेट्रोल गाडीत तर जास्तच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या सुमारे २०० पट घट्ट धरतो. मागच्या सीटवर नातवंडे झोपलेली असतात. डोके दुखते, मळमळते, आणि आपण म्हणतो घाट लागला! पीयूसीवर विसंबाल तर तिथे नळी सायलेन्सरच्या तोंडात घालतात. जे मधेच निसटले ते तिथे मोजले जात नाही.

तेव्हा सकाळच्या पहिल्या स्टार्टला टिक टिक ऐकू आली आणि वेग वाढवताच तीही वाढली, तर गाडी गारच ठेवून दाखवायला न्या. आणि न्याल तेव्हा आधीच सांगा, की दुरुस्ती करा अगर करू नका, शोधण्याचे पैसे देणार आहे.