दोन पेट्या आणि आईचे गाणे

गेल्या दिवाळीत आईने गाणे ऐकणे सोडले. भांडण नाही, रुसवा नाही. मी हौसेने लॅपटॉपवर ‘गीतरामायण’ लावले आणि ती दोन मिनिटांत उठून स्वयंपाकघरात गेली. “आता कान गेले रे माझे. गोडी लागत नाही,” एवढेच म्हणाली.

वाचकहो, १९५५ साली माडगूळकर-फडके जोडीची ती ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक या बेताने सुरू झाली, तेव्हा आई सात वर्षांची होती. आमच्या रेवदंड्याच्या आळीत रेडिओ एकच, तोही शेजारच्या वकिलांकडे. आई त्यांच्या खिडकीखाली उभी राहून ऐके. अशा बाईने गाणे सोडावे, हे मनाला फार लागले.

अलिबागच्या डॉक्टरांनी कान तपासले. “वयाच्या मानाने ठीक आहेत. आवाज मोठा नको, स्वच्छ हवा,” असे त्यांचे निदान. तेव्हा माझा संशय लॅपटॉपवर गेला. वहीएवढ्या त्या यंत्राच्या पोटात स्पीकर असतात ते रुपयाएवढे. एवढासा पडदा हवा ती किती हलवणार? तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याचा खर्ज सगळा आतच राहतो. बाहेर येते ती किरकिर.

सौ.नी फ्रीजची दुरुस्ती पुढे ढकलून पंधरा हजार मंजूर केले. भाच्याला घेऊन मी मांडव्याहून लाँच पकडली आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्याच दुकानात ‘५०० वॅट’ अशी पाटी पाहून मी हरखलो. पण शेजारच्या दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी मला स्टुलावर बसवून शिकवणीच घेतली.

“खोली केवढी?”

“दहा बाय बारा.”

“मग एवढे वॅट काय पुरायचे आहेत? कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दसपट लागतात. पंचवीस-तीस खरे वॅट तुम्हांला पुष्कळ. खोक्यावर छापतात ते क्षणभराचे, पोटभरीचे नव्हेत.”

पुढे ते म्हणाले, “स्पीकर घेताना एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल, तो आकडा पाहा. ८४ ऐवजी ९० असेल, तर त्याच आवाजाला चौथाई वॅट पुरतात. स्पीकर आठ ओहमचा आणि अँप्लिफायर चार ते आठ ओहम सोसणारा, की पत्रिका जुळली. पैसा मात्र स्पीकरवर जास्त घाला.”

अँप्लिफायर पेटीतच असलेले स्पीकरही त्यांनी दाखवले. तारा कमी, पसारा कमी. पण आमच्याकडची खारी हवा कशाला कधी धरील याचा नेम नाही, आणि एक भाग बिघडला म्हणून सारेच हलवायचे, हे मला पटेना. शेवटी नऊ हजारांच्या दोन पेट्या, पाच हजारांचा छोटा अँप्लिफायर आणि उरलेल्यात तारा, असा हिशेब बसला. त्यापूर्वी मी ओळखीचे एक गाणे तिन्ही जोड्यांवर ऐकून घेतले. अनोळखी गाण्यावर सारेच स्पीकर गोड वाटतात.

घरी येऊन जोडणी केली, तो ‘घुंऽऽ’ असा भुंगा! माझे धाबे दणाणले. भाच्याने शांतपणे लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि भुंगा उडाला. विजेच्या अशा खोड्यांनी थोरामोठ्यांनाही हलवले आहे. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले, म्हणून कुलाबा वेधशाळेतले पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्याचे काम १९०४ साली अलिबागेस आणावे लागले. आम्ही तर नुसता चार्जर काढून ठेवतो.

पेट्या प्रथम मी फडताळात कोंबल्या होत्या. आवाज मडक्यातून आल्यासारखा येई. मग त्या भिंतीपासून दीड फूट पुढे, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला आणि आईच्या खुर्चीशी त्रिकोण होईल अशा मांडल्या.

संध्याकाळी काही न बोलता गाणे लावले. आई शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. “अरे,” ती म्हणाली, “यात तबला आहे होय!” मग शेंगांचे सूप बाजूला सरकवून तिने मांडीवर ताल धरला. तीन गीते झाली, तरी ती उठली नाही.

आवाज वाढवू का, असे मी विचारले. तिने मानेनेच नको म्हटले आणि खिडकीकडे बोट केले.

“ती उघड. बाहेर कुणी उभे असेल.”